पणजीचं नाव कुठे लिहिलंय?

आपल्यापैकी बहुतेकांना पणजोबांचं नाव सांगता येतं. काहींना त्यांच्या वडिलांचंही येतं. जुन्या फेरफारात, देवळाच्या पायरीवर कोरलेल्या देणगीत, भाऊबंदकीच्या दाव्यात ती नावं टिकून राहिलेली असतात. आता प्रश्न जरा बदलून विचारते. तुमच्या आईच्या आईच्या आईचं नाव काय? माहेरचं, सासरचं, कोणतंही चालेल.

हाच प्रश्न मी आपल्या १९८१ च्या बॅचच्या ग्रुपवर टाकला होता. रोज सकाळी सहाला फुलं आणि सुविचार पाठवणारी मंडळी त्या दिवशी गप्प होती. जी थोडी उत्तरं आली, त्यांतली बरीचशी ‘मावशीला विचारून सांगते’ अशी होती. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. माझी सगळी नोकरी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली, लोकांना त्यांचे आजे-पणजे शोधून देण्यात. पण आईच्या आजीबद्दल आमच्या घरात एवढंच ठाऊक होतं, की ती साताऱ्याकडची, आमची आजी पाच वर्षांची असताना ‘तापाच्या साथीत’ गेली, आणि आजीला तिच्या मामाने वाढवलं. निवृत्त झाल्यावर मी तिचा शोध घ्यायला लागले.

शाळेत आपण सनावळ्या पाठ केल्या. त्या कुठल्या कागदांवरून आल्या, तो कागद कोणी आणि कशासाठी लिहिला, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पणजीचं नाव शोधताना तेच सारखं विचारावं लागलं. म्हणून संपादकांनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घेतला. आपल्या इतिहासाच्या बाईंना तो आवडेल अशी आशा आहे.

सुरुवात जनगणनेपासून करते, कारण या शोधाचं वेड मला तिथून लागलं. माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या नवऱ्याच्या घरच्यांनी आपली सात-आठ पिढ्यांची वंशावळ घरबसल्या तयार केली आहे, आणि ती मुख्यतः जनगणनेच्या कागदांवरून. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते आणि त्या वेळी घरोघर भरलेले तक्ते तिथे जपून ठेवतात. बहात्तर वर्षं झाली की ते लोकांसाठी खुले होतात. १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ ला खुले झाले. ब्रिटनमध्ये हीच मुदत शंभर वर्षांची आहे. तिथे १८४१ पासूनच्या गणनांमध्ये घरातल्या माणसांची नावं मिळतात आणि इंग्लंड-वेल्सचे १९२१ चे तक्ते जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. एका पानावर अख्खं घर दिसतं. कुटुंबप्रमुख कोण, त्याच्याशी प्रत्येकाचं नातं काय, वय, धंदा, जन्म कुठला. पाहुणा म्हणून त्या रात्री मुक्कामाला असलेला माणूससुद्धा सुटत नाही.

हेवा वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या तक्त्यांनाही भोकं आहेत, आणि ती कुठे आहेत हे पाहण्यासारखं आहे. काही आगीने पाडली. अमेरिकेचे १८९० चे जवळजवळ सगळे तक्ते १९२१ च्या आगीमुळे गेले. इंग्लंड-वेल्सचे १९३१ चे तक्ते डिसेंबर १९४२ मध्ये जळाले. काही भोकं मात्र लिहिणाऱ्यांनीच ठेवली. अमेरिकेत १७९० ते १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बायको, मुलं, म्हातारी आई यांचा नुसता आकडा. १८५० पासून घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव आलं, पण माणूस ‘स्वतंत्र’ असेल तरच. गुलामांसाठी १८५० आणि १८६० ला वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचं नाव, आणि त्याखाली गुलामाचं वय, स्त्री की पुरुष, रंग. नाव जवळपास कुठेच नाही. गुलामी संपल्यावर झालेल्या १८७० च्या गणनेत त्या लाखो माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली. त्यांचे वंशज आज शोध घेत मागे जातात आणि १८७० ला येऊन अडतात. त्याच्या मागे फक्त वयं आहेत.

आपल्याकडे पहिली देशव्यापी गणना १८७२ च्या सुमारास झाली. १७ फेब्रुवारी १८८१ पासून सगळीकडे एकाच वेळी मोजण्याची पद्धत आली. त्यानंतर १९४१ चं महायुद्ध असो की १९५१ ची फाळणीनंतरची धांदल, २०११ पर्यंत एकही दशक चुकलं नाही. प्रत्येक वेळी मास्तर, तलाठी, कारकून घरोघर फिरले आणि त्यांनी माहिती लिहून घेतली. मग माझ्या पणजीचं नाव कुठल्या तरी तक्त्यात असायला हवं. पण आपल्या पद्धतीत घरोघरच्या माहितीवरून बेरजा काढायच्या, बेरजांचे ग्रंथ छापायचे आणि मूळ कागद नष्ट करायचे, असंच चालत आलं. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तीची नोंद कोणाला पाहायलाही मिळत नाही आणि पुरावा म्हणून कोर्टात चालतही नाही. त्यामुळे साताऱ्यात किती माणसं होती, किती शिकलेली होती, किती विधवा होत्या, हे सगळं मिळतं. त्यांतली आपली कोण, हे मिळत नाही.

तरी त्या बेरजांनी मला एक गोष्ट दिली. १९११ ते १९२१ हे भारताच्या इतिहासातलं एकमेव दशक आहे, ज्यात जनगणनेत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आजच्या भारताच्या हद्दीतली २५ कोटी २१ लाख माणसं दहा वर्षांनी २५ कोटी १३ लाख झाली होती. कारण १९१८ चा इन्फ्लुएंझा. मुंबई इलाख्यात त्याची दुसरी आणि भयंकर लाट सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये आली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं दगावली, आणि त्यांत तरुण माणसं, विशेषतः बायका, जास्त होत्या. आमच्या घरातली ‘तापाची साथ’ ती हीच. आजीचं वय आणि हे साल जुळत होतं. शोधायचं वर्ष मिळालं.

पुढचा कागद माझ्या ओळखीचा होता. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला गावात कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या बहुतेक मोडीत आहेत. मोडी मला नोकरीत शिकावीच लागली, त्याचा आता घरच्या कामाला उपयोग झाला. ऑक्टोबर १९१८ ची पानं लगेच ओळखू येतात. एरवी महिन्याला दोन-चार नोंदी असणाऱ्या गावाची पानंच्या पानं भरलेली आहेत. अक्षर बिघडत गेलेलं. कारणाच्या रकान्यात वर एकदा ‘ताप’ आणि खाली नुसत्या रेघा. त्यात मला माझ्या खापरपणजोबांच्या जावयाचं, म्हणजे आजीच्या वडिलांचं नाव दिसलं. पूर्ण नोंद अशी होती: अमुकची बायको, वय २५, ताप. तो रकाना मयताच्या नावाचा होता. लिहिणाऱ्याने त्यात नवऱ्याचं नाव लिहून काम भागवलं होतं. त्या दिवसांत त्याच्याही घरात कोणी तरी आजारी असेल. त्याला दोष द्यावा असं मला वाटलं नाही. पण त्याच पानावर मेलेल्या पुरुषांची नावं मात्र बापाच्या नावासकट होती.

मग मी जमिनीच्या कागदांकडे वळले. महसुलाच्या जुन्या कागदांत पुरुषाचं नाव ‘रामा बिन धोंडू’ असं येतं, म्हणजे धोंडूचा मुलगा रामा. बाईचं नाव ‘सखू कोम रामा’ असं येतं, म्हणजे रामाची बायको सखू. या ‘कोम’ची वाट पाहत मी आजीच्या वडिलांच्या गावचे फेरफार चाळले. पण जुन्या फेरफारात बाई येते ती बहुतेक वेळा नवरा गेल्यावर. वारस म्हणून, किंवा लहान मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई म्हणून. माझी पणजी नवऱ्याच्या आधी गेली, म्हणून ती कागदावर आलीच नाही. तिच्या नवऱ्याने पुन्हा लग्न केलं. तो १९४० नंतर वारला, आणि त्या वारस फेरफारात त्याच्या दुसऱ्या बायकोचं नाव स्वच्छ अक्षरात आहे. आजीच्या सावत्र आईचं नाव सापडलं. आईचं नाही.

ही एका घराची गोष्ट नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार याद्यांतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. ‘अमुकची आई’, ‘तमुकची बायको’ अशी नोंद चालणार नाही, असं निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं. या बायका मुख्यतः उत्तरेकडच्या होत्या. पण आपल्याकडेही बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाणा लागत होता, आणि नवरा बायकोला ‘अगं’ किंवा ‘बाळूची आई’ म्हणून हाक मारत होता. घरातच नाव ऐकू येत नसेल तर वहीत कुठून येणार?

त्यातून आपल्याकडे एक जास्तीची गाठ आहे. लग्नात मुलीचं आडनावच नाही, तर नावही बदलायची पद्धत होती. तांदळात नवं नाव कोरलं की जुनं माहेरीच राहायचं. त्यामुळे सासरच्या गावात नाव सापडलं तरी त्यावरून माहेरच्या कागदापर्यंत जाता येत नाही. मधला पूलच तुटलेला असतो. पुरुषाची वंशावळ करणं म्हणजे एकाच गावात खाली खाली खणत जाणं. बाईची करायची तर दर पिढीला गाव बदलतं, आडनाव बदलतं आणि नावही बदलतं.

कागद कोण लिहितो आणि कशासाठी, यावर सगळं अवलंबून असतं. सारा वसूल करायचा म्हणून जमीनवाल्यांची नावं लिहिली गेली. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती ते तिथे सापडत नाहीत. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना ‘गुन्हेगार’ ठरवलं, त्यांची नावं पोलिसांच्या हजेरी-वह्यांत मिळतात. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण त्या लोकांच्या वंशजांना आजही पूर्वज शोधायचे तर अशाच वह्या उघडाव्या लागतात. मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांचं उदाहरण त्याहून वेगळं आहे. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांहून जास्त भारतीय तिथे उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक, आणि पुढे नाव, वय, जात, गाव, जिल्हा. १८६० च्या दशकापासून बऱ्याच जणांचे फोटोही आहेत. त्या वह्यांत बायकांची नावं आहेत, कारण त्याही मजूर होत्या आणि मळेवाल्याला माणूस ओळखता यायला हवं होतं. कोकणात घरी राहिलेल्या बहिणीचं नाव कुठे नसेल, आणि बोटीवर चढलेल्या बहिणीचं नाव फोटोसकट मिळेल. पण तिने त्यासाठी काय मोजलं हे आपण विसरू नये.

आपल्याकडे नावासकट टिकलेला जनगणनेचा एकच कागद मला माहीत आहे. तो म्हणजे १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. त्या वर्षी जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगावच्या माणसांची नावं वहीत उतरवून घेतली होती. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला सगळ्या तहसील कचेऱ्या कामाला लागल्या, तेव्हा तपासायच्या कागदांत हे रजिस्टरही होतं. खासरा पत्रक, क पत्रक, कूळ नोंदवही, गाव नमुना १४ आणि शाळांची जनरल रजिस्टरं त्याच यादीत होती. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली कपाटं त्या निमित्ताने उघडली. आरक्षणाच्या प्रश्नावर आपल्या वर्गातच चार मतं आहेत, त्यात मी पडत नाही. पण जुन्या कागदांकडे इतक्या घरांचं एकदम लक्ष गेलेलं मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या यादीतली शेवटची बाब मला उपयोगी पडली. आजीला मामाने वाढवलं, म्हणजे ती असलीच तर मामाच्या गावच्या शाळेत. मुलगी, आई नसलेली, आणि १९२० चा सुमार. फारशी आशा नव्हती. आमच्या आठवणीतली आजी टपाल घेताना अंगठा द्यायची. ती निरक्षर, असंच आम्ही धरून चाललो होतो. तरी मी त्या गावच्या, त्या काळी लोकल बोर्डाची असलेल्या मराठी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून दिलं.

ती त्यात होती. स्वतःचं नाव, बापाचं नाव, पालक म्हणून मामाचं नाव, जात, जन्मगाव. जन्मतारीख १ जून १९१३. ही १ जून आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तारीख माहीत नसली की मास्तर शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने तीच लिहीत. तिचं नाव एका नदीचं होतं. आम्ही तिला ओळखत होतो ते देवीच्या नावाने, जे तिला सासरी मिळालं. नदीचं नाव आमच्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या रकान्यात इयत्ता तिसरी पास. शाळा सोडल्याची तारीख १९२५ मधली. सोडल्याचं कारण, एक शब्द: लग्न.

मी घरी येऊन मावशीला सांगितलं. ती ८४ वर्षांची आहे. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “वाचता येत होतं, तर आम्हाला कधी सांगितलं का नाही तिने?” याचं उत्तर कुठल्याच वहीत नाही. तिसरी पास झालेल्या बाईचा हात पुन्हा कधी पाटी-पेन्सिलीला लागलाच नसेल, तर साठ वर्षांनी तिने अंगठाच पुढे केला असेल. किंवा सही मागताहेत असं तिला कोणी म्हणालंच नसेल.

कागद इथे संपले. आता रक्ताचं सांगते, म्हणजे डीएनएचं. खरं तर तपासणीला थुंकी लागते, रक्त नव्हे. भाचीने आपल्या नवऱ्याच्या नादाने अशी तपासणी करून घेतली होती. तिचा निकाल पाहून मी या विषयावरचं जमेल ते वाचून काढलं. आपल्या वर्गातल्या डॉक्टर मंडळींनी चूक दिसली तर सांगावी.

आपल्या पेशींतला बहुतेक डीएनए निम्मा आईकडून आणि निम्मा बापाकडून येतो. म्हणजे प्रत्येक आजी-आजोबांचा सरासरी पाव हिस्सा आणि पणजी-पणजोबांचा साडेबारा टक्के. दर पिढीला पत्ते पिसल्यासारखी सरमिसळ होते, त्यामुळे आठ-दहा पिढ्या मागे गेलं की काही पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरत नाही. ते आपले पूर्वज असतात, पण डीएनएत दिसत नाहीत. दोन गोष्टी मात्र पिसल्या जात नाहीत. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला जातं. आपल्या आडनावासारखंच. आणि मायटोकाँड्रिया नावाच्या पेशीतल्या बारीक भागाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलींकडून जातो. तो साडेसोळा हजार अक्षरांचा एक छोटा गोल आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जसाच्या तसा उतरतो.

हे वाचल्यावर मला कागदाचा आणि डीएनएचा हिशोब समोरासमोर दिसला. कागदाने जी रेघ पुसली, नेमकी तीच शरीराने राखली आहे. सातबारा बाप-मुलगा असा चालतो. मायटोकाँड्रिया आई-मुलगी असा चालतो. माझ्या पणजीकडून आजीला, आजीकडून आईला, आईकडून मला, माझ्या बहिणीला आणि भावाला तो मिळाला. भावाच्या मुलांत तो नाही. बहिणीच्या मुलीत, म्हणजे या भाचीत आहे. १९१८ मध्ये नाव न लिहिता गेलेल्या बाईची ही खूण आज अमेरिकेत शाबूत आहे.

पण त्यातून नाव कळतं का? नाही. भाचीच्या निकालात आईकडची रेषा ‘एम’ नावाच्या गटातली निघाली. भारतातल्या निम्म्याहून अधिक लोकांची आईकडची रेषा याच गटाच्या कुठल्या ना कुठल्या फांदीवर आहे, आणि हा गट या भूमीत हजारो वर्षं रुजलेला आहे. म्हणजे शास्त्राने मला पणजीच्या मागे हजारो वर्षं नेलं, पण पणजीजवळ थांबवलं नाही. तिचं गाव, तिचा आवाज, तिला कोणी काय नावाने हाक मारली, यातलं काहीही तिथे लिहिलेलं नाही.

मोठ्या समूहांच्या बाबतीत मात्र हीच तपासणी पुसलेल्या बायका दाखवून देते. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मराठी बोलणारे हे ज्यू लोक, गावावरून पडलेली ‘कर’ शेवटाची आडनावं लावणारे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतल्या ज्यू लोकांशी त्यांचं नातं आहे हे त्यात दिसलं. परंपरेचा गाभा खरा निघाला. त्याचबरोबर स्थानिक भारतीय वाटाही मोठा आहे, दोन्हींचं मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं, आणि बाहेरून आलेला वाटा पुरुषांकडून जास्त, इथला वाटा बायकांकडून जास्त, असंही दिसलं. कोकणातल्या त्या मुलींची कथा परंपरेत उरली नव्हती. त्यांच्या लेकींच्या लेकींत ती उरली होती.

दुसरं उदाहरण राखीगढीचं. डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या या हडप्पा संस्कृतीच्या स्थळावर उत्खनन केलं. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. साठहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच सांगाड्यातून वाचता येण्याजोगा डीएनए मिळाला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यावर अजून वाद चालू आहेत. तो सांगाडा एका स्त्रीचा आहे. ज्या संस्कृतीची लिपी आपल्याला वाचता येत नाही, तिच्यातली आपल्याला इतक्या जवळून ठाऊक असलेली ही एक बाई. तिचंही नाव नाही.

ज्यांना अशी तपासणी करून घ्यायची आहे, त्यांना दोन-चार गोष्टी सांगते. ‘तुम्ही इतके टक्के अमुक प्रदेशाचे’ असा जो रंगीत नकाशा येतो, तो त्या कंपनीकडे तुलनेला असलेल्या नमुन्यांवर अवलंबून असतो. नमुने वाढले की टक्के बदलतात. डीएनएवरून जातीचा दाखला मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्नं करणाऱ्या समाजात दूरचे नातेवाईकही जवळचे भासतात, म्हणून ‘चुलत भावंड सापडलं’ म्हणून लगेच फोन करू नये. घरात कोणाला माहीत नसलेली नातीही कधी कधी उघड होतात, तेव्हा आधी विचार करावा. आणि ही माहिती एकट्याची नसते. एकाने नमुना दिला की भावंडांचा, मुलांचाही अर्धामुर्धा दिला जातो. ट्वेंटी-थ्री-अँड-मी या प्रसिद्ध कंपनीतून २०२३ मध्ये लाखो लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी बंद पडली तर आपल्या थुंकीचं काय होणार, हे नमुना देण्याआधी वाचावं.

आता आपल्या शाळेकडे येते. या संमेलनासाठी वर्गाची यादी करताना काय झालं ते संयोजकांना विचारा. मुलगे आठवड्याभरात सापडले. आडनाव तेच, बऱ्याच जणांचं गावही तेच. मुली सापडेनात. पंचेचाळीस वर्षांत आमची आडनावं बदललेली, काहींची नावंही बदललेली. शेवटी शाळेचं जनरल रजिस्टर उघडून, त्यातल्या वडिलांच्या नावावरून माहेर शोधून, भावाकडून किंवा वहिनीकडून नंबर मिळवावे लागले. तरी सहा जणी अजून सापडलेल्या नाहीत. आपल्या डोळ्यांदेखत, एकाच पिढीत, तो पूल पुन्हा तुटला आहे.

बदल होत नाहीत असं नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असं लिहायचा निर्णय झाला आहे. आमच्या पणत्यांना आमची नावं शोधायला बरीच कमी पायपीट करावी लागेल. पण त्याच्या मागच्या सगळ्या पिढ्यांचं काय, हे आपल्यालाच बघावं लागेल.

म्हणून दोन सूचना करते. पहिली शाळेसाठी. आपल्या शाळेची सुरुवातीपासूनची जनरल रजिस्टरं कार्यालयातल्या लोखंडी कपाटात आहेत. सर्वांत जुन्याची पानं कडांना चुरायला लागली आहेत, शाई उडते आहे. या गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या कित्येक मुलींचं नाव आयुष्यात पहिल्यांदा, आणि माहेरच्या रूपात शेवटचं, त्या वहीत लिहिलं गेलं आहे. संमेलनाच्या निधीतून जे उरेल त्यातून ती स्कॅन करून घ्यावीत. त्यांत जात, जन्मतारीख असा खासगी मजकूर आहे, म्हणून प्रत शाळेच्याच ताब्यात राहावी. मोडीतल्या नोंदी असतील तर मी बसून वाचून देईन, त्याचे पैसे नकोत.

दुसरी सूचना तुमच्यासाठी. या स्मरणिकेच्या शेवटी संपादकांनी माझ्या विनंतीवरून एक पान कोरं ठेवलं आहे. त्यावर आईचं, आजीचं आणि पणजीचं माहेरचं आणि सासरचं नाव लिहा. गावं लिहा. माहीत नसेल तर मावशीला, मामीला, आईच्या मामेबहिणीला आजच फोन करा, कारण ज्यांना ही नावं माहीत आहेत त्या सगळ्या ऐंशीच्या पुढे आहेत. माझ्या पानावर आजीचं नदीचं नाव आहे, देवीचंही आहे. तिच्या आईच्या नावाची जागा मी मोकळी ठेवली आहे, आणि तिच्यापुढे गाव लिहिलं आहे, वय २५, ऑक्टोबर १९१८.